लळा लागतो म्हणजे नेमकं काय होतं?

दिवाळी आटोपली, भाऊबीज झाली की पुढचे चार-पाच दिवस सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या एसटी स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. बॅगा, फराळाचे डबे, शेंगदाण्याच्या चटणीच्या बरण्या आणि निघालेल्या माणसांना बिलगलेली पोरं. आमचा खानापूर-आटपाडीचा भाग मूळचा दुष्काळी. पोटासाठी इथली माणसं कैक वर्षांपासून सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, ज्याला आम्ही गलाई म्हणतो, देशभर पांगली आहेत. कुणी चेन्नईला, कुणी कोलकात्याला, कुणी केरळात. पुष्कळ जण बायकापोरांसकट जातात. काही जण मात्र पोरांना आजी-आजोबांजवळ ठेवून जातात. परमुलखात एका खोलीत संसार, भट्टीचा धूर, भाषा निराळी, शाळेचा प्रश्न. त्यांना मी कधी नावं ठेवली नाहीत आणि आजही ठेवत नाही.

अशाच एका दिवाळीनंतर मी स्टँडवर होते. माझ्या बालवाडीतली चार वर्षांची एक मुलगी आजीचं बोट धरून उभी होती. आईनं तिला उचललं, गालाचा मुका घेतला, "येते हं" म्हटलं आणि पदर डोळ्याला लावत गाडीत चढली. मुलगी रडली नाही. तिनं आईकडं बघितलंसुद्धा नाही. समोरच्या गाड्यावर भजी तळत होते, त्या कढईकडं ती एकटक बघत राहिली. गाडी हलली तशी शेजारची एक बाई म्हणाली, "किती शहाणं लेकरू! डोळ्यातनं टिपूस न्हाई." आजीलाही ते ऐकून जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती बालवाडीत आली आणि दप्तर मांडीवर घेऊन बसली. खेळायला उठली नाही. खाऊच्या वेळी मी दप्तर बाजूला ठेवायला गेले, तर तिनं दोन्ही हातांनी पट्टा असा आवळून धरला की बोटांची पेरं पांढरी पडली. तोंडातून मात्र चकार शब्द नाही.

बालवाडीत माझी एकवीस वर्षं गेली. त्या मुलीचं न रडणं माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून मी वाचायला लागले, जाणकारांना विचारायला लागले. आईबापांशी असलेलं नातं मुलाच्या मनाला आणि त्याच्या चारचौघांत वागण्याला कसं घडवतं, यावर गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत पुष्कळ अभ्यास झालाय. तो समजायला अवघड नाही, अवघड शब्दांत सांगितला जातो एवढंच. पुस्तकात त्याला ‘भावबंध’, ‘आसक्ती’ असे जड शब्द भेटतात. आपल्याकडं त्याला लळा म्हणतात. मी तोच शब्द वापरते.

दुसऱ्या महायुद्धात युरोपातली असंख्य मुलं बेघर आणि पोरकी झाली. त्यांना जेवण, कपडे, छप्पर मिळालं, पण त्यांच्या मनाचं काय, हे तपासायचं काम जागतिक आरोग्य संघटनेनं जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाकडं दिलं. १९५१ साली त्यांचा अहवाल आला. त्याचं सार असं की मुलाला अन्नाइतकीच एका माणसाच्या उबदार आणि सलग सहवासाची गरज असते. ते माणूस आई असेल किंवा आईच्या जागी कायमचं असणारं दुसरं कुणी असेल. तोपर्यंत बहुतेक शास्त्रज्ञांची समजूत होती की जो दूध पाजतो त्याच्यावर बाळ माया करतं. बोल्बी म्हणाले, तसं नाही. गाईचं वासरू जन्मल्यावर तासा-दोन तासांत पायावर उभं राहतं. माणसाचं पोर वर्षभर चालतसुद्धा नाही. त्याला संकटातून पळता येत नाही, म्हणून मोठ्या माणसाला आपल्याजवळ ओढून ठेवायची सोय निसर्गानं त्याच्यात करून ठेवलीय. रडणं, हसणं, हात पसरणं, बोट घट्ट धरणं ही ती सोय.

१९५८ साली अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी हेच माकडांच्या पिल्लांवर दाखवलं. पिंजऱ्यात दोन नकली आया ठेवल्या. एक नुसत्या तारेची, पण तिला दुधाची बाटली लावलेली. दुसरीला मऊ कापड गुंडाळलेलं, पण दूध नाही. पिल्लं भुकेपुरती तारेच्या आईकडं जायची आणि बाकीचा सगळा वेळ कापडाच्या आईला बिलगून असायची. घाबरली की तिच्याकडंच पळायची. पोर प्यालेल्या दुधाला नाही, मिळालेल्या उबेला जागतं, असा त्याचा अर्थ. खऱ्या आईपासून तोडलेल्या त्या पिल्लांचे हाल फार वाईट झाले, आणि हे वाचताना मला अजूनही गलबलून येतं. पण ‘पोटभर खायला घालतोय, अजून काय पाहिजे?’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट मी सांगत आलेय.

माझ्या स्टँडवरच्या कोड्याचं उत्तर मात्र मला दुसऱ्या एका बाईंकडं मिळालं. मेरी एन्सवर्थ. बोल्बींबरोबर काम केलेल्या. १९५०च्या दशकात त्या युगांडात गेल्या आणि तिथल्या खेड्यांतल्या आया आणि तान्ही बाळं कशी राहतात, ते घरोघरी बसून बघितलं. पुढं अमेरिकेत बाल्टिमोर शहरात त्यांनी वर्षभर घरांना भेटी दिल्या आणि नंतर एक साधा प्रयोग केला. अनोळखी खोली, खेळणी, आई आणि वर्षभराचं मूल. एक परकी बाई आत येते. आई थोडा वेळ बाहेर जाते, परत येते, पुन्हा जाते, पुन्हा येते. सगळं मिळून वीसेक मिनिटांचा मामला. आई जाताना मूल किती रडतं, हे बघायचं असेल असं आपल्याला वाटतं. एन्सवर्थ बाईंनी खरं लक्ष ठेवलं ते आई परत आल्यावर मूल काय करतं त्यावर.

बरीच मुलं आई गेल्यावर रडली. ती परत आली तशी झेपावली, कडेवर बसून दोन मिनिटांत शांत झाली आणि पुन्हा खेळण्यांकडं वळली. काही मुलं वेगळी होती. आई गेली तरी त्यांना काही नाही, आली तरी काही नाही. मान फिरवून खेळत राहिली. आणखी काही मुलं आईला बिलगली, पण शांत होईनात. एका हातानं पदर धरायचा आणि दुसऱ्या हातानं मारायचं, तशी. पुढं १९८०च्या दशकात मेरी मेन आणि ज्युडिथ सोलोमन यांनी चौथा प्रकार ओळखला. आई दिसली की ही मुलं जागीच थिजतात किंवा उलटसुलट वागतात, कारण ज्याच्याकडं धाव घ्यायची त्याचीच त्यांना भीती वाटत असते.

हा फरक बऱ्याच अंशी घरातल्या रोजच्या अनुभवातून आला होता. पहिल्या गटातल्या मुलांची हाक घरी बहुतेक वेळा ऐकली जायची. दुसऱ्या गटातल्या मुलांचं रडणं झिडकारलं जायचं, म्हणून रडून उपयोग नाही हे ती वर्षभरातच शिकली होती. तिसऱ्यांच्या घरी कधी आई धावून यायची, कधी ढुंकून बघायची नाही, म्हणून ती हाक मारायचं थांबायलाच तयार नव्हती. आणि मला सगळ्यात जास्त हलवून गेलेली गोष्ट ही की नंतरच्या अभ्यासकांनी त्या ‘काही न वाटणाऱ्या’ मुलांच्या काळजाचे ठोके मोजले, तेव्हा ते रडणाऱ्या मुलांसारखेच वाढलेले निघाले. वरून थंड, आत धडधड. ते वाचलं तेव्हा ती भज्यांची कढई माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

एका दिवसाच्या वागण्यावरून कुठल्याही पोरावर शिक्का मारायचा नसतो, हे इथंच सांगून ठेवते. त्या मुलीवर मीही मारला नाही. पण ‘रडलं नाही म्हणजे शहाणं’ हे म्हणणं त्या दिवसापासून मी सोडलं.

आता लळ्याचा आणि स्वभाव घडण्याचा संबंध कसा लागतो ते बघू. तान्ह्या बाळाला स्वतःला शांत करता येत नाही. त्याच्या शरीरात ताणाची यंत्रणा जन्मापासून तयार असते. भूक लागली, आवाज झाला, एकटं वाटलं की छाती धडधडते, अंग ताठ होतं, रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढतं. मात्र या यंत्रणेला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता पिकायला विशी उलटावी लागते. मधल्या काळात ती शांतता मोठ्या माणसाकडून उसनी घ्यावी लागते. आजी खांद्यावर टाकून थोपटते, तेव्हा तिचा सावकाश श्वास, हाताचा ठेका, "आलं आलं, झालं झालं" हा सूर बाळाच्या अंगात उतरतो. हे हजारो वेळा झालं की उसनी शांतता हळूहळू मुलाची स्वतःची होते. तीन-चार वर्षांचं पोर पडलं की स्वतःच गुडघ्यावर फुंकर घालताना तुम्ही बघितलं असेल. ती फुंकर कधीतरी दुसऱ्या कुणीतरी घातलेली असते.

मूल स्वतःच्या भावनांचा अर्थही आपल्या तोंडावर वाचतं. १९८५ साली छापून आलेला एक प्रयोग आहे. वर्षभराच्या बाळांना जाड काचेवर सोडलं. अर्ध्या काचेखाली खोल खड्डा असल्यासारखं दिसत होतं. पलीकडं आई उभी. आईनं चेहरा हसरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ बाळं काचेवरून पलीकडं गेली. आईनं चेहरा घाबरलेला केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. आई एक शब्द बोलली नव्हती. आपल्या ओट्यावरून पोर घसरून पडतं तेव्हा ते आधी रडत नाही, आधी आपल्याकडं बघतं. आपण "अगं बाई, मेलं गं!" म्हणून छातीवर हात मारून घेतला की मग भोकाड.

म्हणून भावनांना नाव देणं इतकं महत्त्वाचं. "पोरगा असून रडतोस? मुलीसारखा?" हे वाक्य आपल्याकडं घराघरात आहे. त्यानं रडणं थांबतं, दुःख थांबत नाही. ते राग होऊन दुसऱ्या पोराच्या पाठीत बसतं. "गाडी मोडली म्हणून वाईट वाटलं का रे तुला?" एवढं विचारलं की मुलाला दोन गोष्टी मिळतात. आपल्या पोटात जे होतंय त्याला शब्द मिळतो आणि ते कुणाला तरी समजलंय असा भरवसा मिळतो. ज्याला स्वतःचं वाईट वाटणं ओळखता येतं, त्यालाच दुसऱ्याचं ओळखता येतं. बालवाडीत खाऊ वाटून खाणारं, पाळी येईपर्यंत घसरगुंडीखाली थांबणारं, रडणाऱ्या पोराजवळ जाऊन नुसतंच बसणारं मूल घरी काय अनुभवत असेल, याचा अंदाज मला हळूहळू बरोबर यायला लागला.

बोल्बी म्हणायचे की मूल या सगळ्या अनुभवातून मनात एक नकाशा काढून ठेवतं. मी हाक मारली तर कुणी येतं का? मी कुणी यावं इतकं महत्त्वाचं आहे का? या दोन प्रश्नांची जी उत्तरं घरी मिळतात, ती घेऊन ते गल्लीत, शाळेत, पुढं लग्नाच्या घरात जातं. नकाशा नंतर खोडून सुधारता येतो. पण पहिल्या रेघा घरात पडतात.

इथपर्यंत आलं की आया घाबरतात. पालकसभेत एकीनं रडवेल्या आवाजात विचारलं होतं, "म्हणजे बाई, मी एकदा जरी वसकन अंगावर गेले तर संपलंच का?" तिचा नवरा यंत्रमागावर रात्रपाळीला, घरात म्हातारी आजारी, धाकटं अंगावर पिणारं. तिच्यासाठी, खरंतर सगळ्यांसाठी, एडवर्ड ट्रॉनिक यांचं काम मला फार मोलाचं वाटतं.

१९७०च्या दशकात ट्रॉनिक यांनी आयांना सांगितलं की बाळाशी नेहमीसारखं खेळा आणि मग दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवा. बाळ आधी हसून बघतं. मग बोट दाखवतं, हात पसरतं, चिरकतं. काहीच होत नाही म्हटल्यावर अंग आक्रसून घेतं, तोंड फिरवतं, रडायला लागतं. तीन मिनिटांत एवढं. मोबाइलच्या पडद्यात बुडालेला आपला चेहरा बाळाला असाच दिसतो, यासाठी मला वेगळा पुरावा लागत नाही, मी रोज बघते. बाळंतपणानंतरच्या उदासीनं ग्रासलेल्या आईचा चेहराही असाच असतो. तिला ‘बाहेरचं लागलंय’ म्हणून अंगारा लावण्यापेक्षा डॉक्टरकडं न्यावं. सव्वा महिना बाळंतिणीला विसावा द्यायची आपली रीत चांगली आहे, पण त्या सव्वा महिन्यात तिच्या अंगाला तेल लावणाऱ्या हातांनी तिच्या मनाचीही चौकशी करावी.

ट्रॉनिक यांना पुढं आणखी एक गोष्ट दिसली. चांगलं नातं असलेल्या आई-बाळाच्या जोड्यासुद्धा रोजच्या खेळात जेमतेम तीस टक्के वेळ एका सुरात असतात. उरलेला सगळा वेळ सूर चुकण्यात आणि पुन्हा जुळवण्यात जातो. बाळाला भूक लागलेली असते आणि आपण खुळखुळा वाजवतो, त्याला झोप येते आणि आपण गुदगुल्या करतो. मग आपल्याला कळतं, आपण बदलतो, ते हसतं. लळा मजबूत होतो तो या ‘मग’मध्ये. तुटलं तरी जुळतं, हे मुलाला तिथं कळतं. आपल्या भाषेत त्यासाठी किती छान शब्द आहे, समजूत काढणं. मी त्या आईला एवढंच विचारलं होतं की वसकन अंगावर गेल्यावर पुढं काय करतेस? ती म्हणाली, "रात्री झोपल्यावर त्याच्या डोक्यावरनं हात फिरवते." मी म्हटलं, तो जागा असताना फिरव.

बाळाशी आपण ‘भॉक’ खेळतो ना, तोंडावर पदर घेऊन? पदर घेतला की आई नाही, पदर काढला की आई आहे. जाणं आणि परत येणं याची ती रंगीत तालीमच आहे.

धाक आणि लाड याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यावर प्रत्येकाचं मत आधीच तयार असतं. डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात केलेल्या अभ्यासापासून पुढं पुष्कळांनी हे तपासलं. नुसता धाक असलेल्या घरातली मुलं समोर आज्ञाधारक असली तरी आतून बिचकी किंवा चिडकी होतात. नुसते लाड असलेल्या घरात मुलांना मन आवरता येत नाही. माया आणि शिस्त एकाच घरात नांदतात, नियम असतो आणि त्याचं कारणही सांगितलं जातं, तिथली मुलं सरस ठरतात. ‘माराशिवाय पोर सुधारत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा देते. पन्नास वर्षांतल्या अभ्यासांचा आणि सुमारे १ लाख ६० हजार मुलांचा एकत्रित आढावा २०१६ साली आला. मार जितका जास्त, तितकी मुलं जास्त आक्रमक आणि आईबापांपासून जास्त दुरावलेली, असंच त्यात दिसलं. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळेतल्या छडीवर बंदी घातली आहे. घरातली छडी आपल्यालाच खाली ठेवायची आहे. आणि हो, "बोहारणीला देऊन टाकीन", "तुला आम्ही उकिरड्यावरनं आणलंय" या चेष्टाही. मोठी माणसं हसतात, पण चार वर्षांच्या पोराला ती चेष्टा वाटत नाही.

सगळं खापर आईवर फोडायचा मोह मात्र आवरायला हवा. विज्ञानानंही एकेकाळी ती चूक केली. आईच्या थंडपणामुळं मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) होतं असं विसाव्या शतकाच्या मध्यावर काही डॉक्टर छातीठोक सांगायचे. ते साफ खोटं ठरलं, पण तोवर किती आया अपराधी मनानं मेल्या असतील. मूल स्वतःचा पिंड घेऊन येतं. १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी मुलांचा जन्मापासून मागोवा घ्यायला सुरुवात केली, तेव्हा काही मुलं मुळातच शांत, काही किरकिरी, काही बुजरी निघाली. एकाच घरात, एकाच आईच्या पोटी. किरकिऱ्या बाळाची आई लवकर थकते, थकलेली आई चिडते, बाळ आणखी किरकिरतं. नातं दोन्ही बाजूंनी घडतं. बुजऱ्या पोराला पाहुण्यांसमोर ढकलून "नमस्कार कर की, तोंड नाही का तुला?" म्हणण्यापेक्षा त्याला पाच मिनिटं पदराआड राहू द्यावं. ते येतं बाहेर.

मग ज्यांचे आईबाप दूरच आहेत, त्यांचं काय? गलाईवाल्यांची पोरं, साताऱ्याकडच्या फौजी घरांतली पोरं, ज्यांचे वडील मुंबईला माथाडी कामगार आहेत ती जावळी-पाटणची पोरं. माझ्या भागाचा खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर बरंचसं दिलासा देणारं आहे.

लळा एकालाच लागतो असं नाही. १९६४ साली ग्लासगो शहरातल्या ६० बाळांचा अभ्यास छापून आला. दीड वर्षाची होईपर्यंत त्यातल्या बहुतेकांना एकाहून जास्त माणसांचा लळा लागलेला होता. वडील, आजी, शेजारीण. हवाई बेटांतल्या कौआईवर एमी वर्नर यांनी १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा कित्येक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, दारू, भांडणं अशा घरांत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एकतृतीयांश मुलं तरीही उमदी, कर्तबगार माणसं झाली. त्यांच्या लहानपणात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सापडली. त्यांना जीव लावणारं, न हलणारं, निदान एक तरी मोठं माणूस होतं. ते आईबापच असेल असं नव्हतं.

हे आपल्या मातीत आपण बघितलेलं आहे. साताऱ्यात आई भीमाबाई गेल्या तेव्हा भीमराव आंबेडकर कोवळ्या वयाचे होते. आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळलं. १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या पोरांसाठी वसतिगृह काढलं. घर सोडून आलेल्या त्या पोरांच्या पोटात अन्न जावं म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. भाऊरावांच्या शिक्षणकार्यावर पुष्कळ बोललं जातं. मला वाटतं, त्या पोरांना आजारपणात कुणीतरी विचारणारं होतं, हेही तितकंच मोठं शिक्षण होतं.

आणि कुणीच नसेल तर काय होतं, याचा पुरावा रुमानियात मिळाला. १९८९ साली तिथली राजवट कोसळली तेव्हा अनाथालयांत हजारो मुलं सापडली. त्यांना जेमतेम खायला होतं, पण त्यांचं असं एक माणूस नव्हतं. २००० साली बुखारेस्टमध्ये अशा १३६ बालकांना निवडून निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवलं. ज्यांना घर मिळालं ती मुलं सुधारली. त्यातही दोन वर्षांची होण्याआधी ज्यांना घर मिळालं, त्यांचा लळा आणि मेंदूचं कामकाज जास्त चांगलं सावरलं. उशिरा मिळालेल्यांनाही फायदा झाला, पण चढण मोठी होती.

तेव्हा दूर जावं लागणाऱ्यांना मी दोन-तीन गोष्टी सांगते, अगदी जीव तोडून सांगते. पहिली, गुपचूप निघून जाऊ नका. पोराला झोपवून किंवा दुकानात खाऊ आणायला पाठवून मागच्या दारानं गाडी पकडायची, हे आपल्याकडं सर्रास चालतं. रडणं वाचतं, पण मुलाला कळतं की डोळा लागला की आई नाहीशी होते. मग ते महिनाभर रात्री झोपत नाही आणि आजी म्हणते, दृष्ट लागली. सांगून जा. रडेल, रडू द्या. कधी येणार ते पोराला कळेल असं सांगा. चार वर्षांच्या मुलाला तारीख कळत नाही, ‘दसऱ्याला पालख्यांची शर्यत असते ना, तेव्हा’ हे कळतं.

दुसरी, काहीतरी वस्तू मागं ठेवा. आमच्याकडं जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात. आईच्या साडीची वाकळ पांघरून झोपणाऱ्या पोराचे लाड होत नाहीत, त्याला आधार मिळतो. त्या मुलीचं ते दप्तर आईनं दिवाळीला आणलेलं होतं, हे मला आठवड्यानं समजलं. त्यानंतर ते दप्तर मी कधीच मांडीवरून काढायला गेले नाही.

तिसरी गोष्ट फोनची. रोज किंवा एक दिवसाआड, ठरलेल्या वेळी. "अभ्यास केलास का? त्रास देत नाहीस ना आजीला?" ही चौकशी नव्हे, झडती आहे. "आज आमच्या गल्लीत एक पांढरं मांजर आलं होतं" असं आपणच सुरू करावं. पोर मग आपली कुत्र्याची पिल्लं सांगतं. आजीनंही रागाच्या भरात "तुझी आई गेली तुला टाकून" म्हणू नये, हे मला हात जोडून सांगावंसं वाटतं. आणि मूल महिनोन्‌महिने कुणाकडंच झेपावत नसेल, खेळत नसेल, किंवा आईच्याच मनाची उदासी हटत नसेल, तर मनाच्या आजारांसाठी असलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

त्या मुलीच्या आईचा मला नवरात्राच्या आधी फोन आला. "बाई, दसऱ्याला येतीया मी. फोनवर बोलायला बोलावलं की पळून जाते ती. इसरली का मला?" मी सांगितलं, विसरलेली नाही. आल्यावर ओढून जवळ घेऊ नको. तिच्या नजरेच्या टप्प्यात खाली बस आणि हाताला काहीतरी काम घे.

ती आली आणि अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली. मुलगी खांबाआड. बऱ्याच वेळानं एक शेंग आईच्या पायाशी येऊन पडली. आईनं ती फोडली आणि दाणे तळहातावर धरले, वर न बघता. मुलीनं येऊन दाणे उचलले आणि पुन्हा खांबामागं. असं कितीतरी वेळ चाललं. त्या रात्री ती आजीजवळच झोपली. तिसऱ्या दिवशी तिनं भाताची ताटली भिरकावली, आईला चापट्या मारल्या, जमिनीवर लोळण घेतली. आजी म्हणाली, "बघ, तू आलीस आन् पोर बिघडलं." आई माझ्याकडं पळत आली. मी तिला सांगितलं की वर्षभर साठलेलं ती आता तुझ्यासमोर काढतीय, कारण तू ते झेलशील असं तिला वाटायला लागलंय. मारू नको, हलू नको, जवळ बसून राहा.

आठ दिवसांनी ती परत निघाली तेव्हा मी मुद्दाम स्टँडवर गेले. गाडी लागली तशी मुलीनं आईच्या साडीचा बोळा मुठीत धरला आणि जो आवाज लावला तो पार गेटपर्यंत ऐकू जात होता. कंडक्टरनं दोनदा घंटी दिली. आई पायरीवरून खाली उतरली, उकिडवी बसली, तिचं नाक पुसलं, तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मग चढली. गाडी वळली तरी रडणं चालूच. भजीच्या गाड्यापाशी उभी असलेली एक बाई म्हणाली, "गप की गं, एवढी मोठी झालीस आन् रडतीस?"

आजीनं नातीला कडेवर घेतलं. वयाच्या मानानं जड होती, पण घेतलं. म्हणाली, "रडू द्या तिला. तिची आई चाललीया."